आत्याच्या आवाजाचं लाल बटण

ज्या आत्याचा आवाज जत्रेत वाजलाच पाहिजे म्हणून मी अख्ख्या जत्रा कमिटीशी भांडलो, तिचाच आवाज मी स्वतःच्या हातानं बंद केला आणि तसाच देवळापुढं वाजवायला दिला.

हे आधीच सांगून टाकतो. आमचं गाव निमोण्याच्या शेजारचं. तिथं कुणालाही विचारलंत तर तो तुम्हाला हे सांगणारच, आणि माझ्यापेक्षा जास्त मीठमसाला लावून सांगणार. निदान पहिला घास माझा असू द्या.

मी रांजणगावला एका कंपनीत पत्रा दाबायच्या मशीनवर आहे. गाणं-बजावणं हा माझा धंदा नाही. शाळेत प्रार्थनेच्या वेळी गुरुजी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे, यावरून माझ्या गळ्याचा अंदाज घ्या. पण आमच्या लाइनवर बिहारचा एक जोडीदार आहे. तो त्याच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून भोजपुरी गाणी रेकॉर्ड करतो आणि गावाकडं पाठवतो. एकदा त्याच्या खोलीवर गेलो आणि लॅपटॉपचा पडदा बघून तिथंच बसलो. प्रत्येक आवाजाची वेगळी आडवी पट्टी, आणि खाली प्रत्येकाला एक उभा सरकता दांडा. दांडा वर सरकवला की तो माणूस मोठ्यानं गातो, खाली ओढला की हळू. वर एक गोल बटण. ते फिरवलं की गाणारा डाव्या कानापासून उठून उजव्या कानापाशी जाऊन बसतो. माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही, ना घरात, ना कंपनीत. इथं माणसं नुसत्या बोटानं सरकत होती. मी त्याच दिवशी खुळा झालो.

"और ये दो छोटे बटन देखो," जोडीदार म्हणाला. "एस दबाओगे तो सिर्फ वही आदमी सुनाई देगा, बाकी सब चुप. एम दबाओगे तो वही आदमी चुप, बाकी सब चालू. अपने यहाँ का इमरजेंसी स्टॉप समझो. हर मशीन का अलग."

"दबाया हुआ है, वो कैसे मालूम पडेगा?"

"लाल हो जाएगा ना. अंधे को भी दिखेगा."

आंधळ्याला दिसलं असतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आता ओवीचं सांगतो. आमची घरं मूळची मेंढरांमागं फिरणारी. आता मेंढरं दोन-चार दावणींना राहिली. बाकी सगळ्यांचा ऊस, कांदा आणि कंपनी. पण वर्षातून एकदा बिरोबाच्या जत्रेला ढोल निघतात आणि देवापुढं सवाल-जवाबाची ओवी होते. एकानं कोडं घालायचं, दुसऱ्यानं सोडवायचं. सवाल घालायचा मान मामांचा. हे माझे सख्खे मामा नव्हेत, गावाचेच मामा. त्यांना जवाब देणारे जोडीदार वारले. त्यांच्यामागं म्हणणारी पोरं शिफ्टांमध्ये वाटली गेली. एक मशीनवर, एक झोपेत, एक कंपनीच्या बसमध्ये पेंगत. मग सलग दोन जत्रा नुसता डीजे वाजला. देवळाच्या शिखरावरची कबुतरं त्या दणक्यानं उठून गेली ती पालखी आत गेल्यावर परत आली.

कमिटीचे अध्यक्ष आप्पा. त्यांना मी म्हणालो, मी ओवी रेकॉर्ड करून देतो. मामांचा दम आता पुरत नाही, तर तुकड्या-तुकड्यानं घेतो आणि जोडतो. डीजेच्या आधी तेवढी वाजवा.

आप्पा म्हणाले, "आण की. पेन ड्राइव्हला काय वैरण लागती व्हय."

मामांकडं गेलो. त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं आणि तंबाखूची डबी उघडली.

"सवाल हायती माज्याकडं. जवाब कुठनं आणायचे?"

"तुम्हाला येत असतील की मामा. इतकी वर्षं ऐकलेत."

"मी कवा जवाब दिलाय? मी जन्मभर इचारलंय." मग चुना लावता लावता म्हणाले, "तुज्या आत्याला येत्यात. समदे."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणी ती आजोबांबरोबर मेंढरांमागं पार कोकणापर्यंत चालली. माळावर आजोबांनी सवाल घातला तर जवाब द्यायला दुसरं होतं कोण? कुत्री, सामानाचं घोडं, आणि ही. म्हणून तिला सगळं पाठ. पण गावात देवापुढं ढोलाबरोबर बाईनं गायचं नाही, अशी आमची रीत. ज्या वर्षी ती लुगडं नेसायला लागली त्या वर्षी तिला सांगितलं, आता गप. नंतर तिला पाटसकडं दिली, आणि जवाबही तिच्याबरोबर भीमेपलीकडं गेले. गावाला त्याचा पत्ताच नव्हता. मामांना होता, पण मामांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या शिफ्टचा आठवडा होता, सकाळ माझी मोकळी. लॅपटॉप पाठीला बांधला, माइक बायकोच्या शालीत गुंडाळला आणि मोटारसायकल काढली. न्हावरं, मग नदीचा पूल, चौफुला, पाटस. गाळप सुरू होतं. उसाच्या ट्रॉल्या एकीला एक लागून कारखान्याकडं चाललेल्या, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. आत्याचं घर त्याच रस्त्याला. ध्वनिमुद्रणासाठी यापेक्षा वाईट जागा शोधायची तर आमच्या प्रेस शॉपमध्येच जावं लागलं असतं.

आत्या ओसरीवर शेंगा फोडत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"जत्रंत वाजणार?"

"व्हय."

"देवाम्होरं? ढोलासंगं?"

"व्हय, आत्या."

"आप्पाला इचारलंस?"

"आप्पांना काय इचारायचं त्यात?"

"मंजी न्हाई इचारलंस." ती शेंगांचं सूप बाजूला सरकवून माझ्याकडं बघत राहिली. "माज्या बापाच्या गावात मला गप केली, तवा अर्धा जवाब तोंडात हुता. ढोल वाजत हुता आन् मला हाताला धरून मागं वढली. त्यो अर्धा तसाच हाय आजून." मग म्हणाली, "एकदा तितं वाजू दे. च्या घे. मग म्हंती."

मी हेडफोन पुढं केला. त्यात गावात आधीच रेकॉर्ड केलेले मामांचे सवाल आणि ढोल होते. ते ऐकून तिनं जवाब द्यायचा.

"कान झाकून कसं गाऊ?"

शेवटी एका कानावर हेडफोन आणि दुसऱ्या कानावर तळहात, असं ठरलं. तळहात असा कानामागं धरल्याशिवाय तिला सूर धरता येत नाही. मामांचे पहिले दोन सवाल तिनं ऐकले आणि हेडफोन काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"चुकला."

"कोण?"

"तुजा मामा. आदी मेघाचा सवाल, मग आगीचा. ह्यानं आदी आग लावली. परत इचारायला सांग."

"आत्या, ते रेकॉर्डिंग हाय."

"मग काय झालं? सांग की त्याला."

मी तिच्यासमोर मामांच्या आवाजाचे तुकडे उचलून मागंपुढं केले. आगीचा सवाल उचलला, ढगाच्या मागं नेऊन ठेवला. आत्या पडद्याकडं बघत होती. "बरं हाय की रं," ती म्हणाली. "जित्ता म्होरं असता तर त्यानं कुणाचं ऐकलं नसतं."

मग ती गायली. मामांनी विचारलेलं, "पाय न्हाई त्याला गा, तरी माळ वलांडी." आणि आत्याचा जवाब, "ढगाची सावली गा, ढगाची सावली, मेंढराच्या पाठीवरनं चालून गेली." आवाज जाडसर, कडेला थोडा फाटलेला, पण माळावर लांबच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला. माझ्या पडद्यावरचा काटा तिच्या पहिल्या शब्दालाच उडाला आणि मी हडबडून दांडा खाली घेतला. एका जवाबात मागून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या गाण्यासकट. आत्या थांबली नाही. ट्रॅक्टरसाठी थांबायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

परत आलो आणि सगळा घोळ मीच केला. गप्प बसायला पाहिजे होतं. पण हातात नवीन वस्तू आल्यावर माणूस गप्प बसतो का? मी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर मोबाइलवर थोडंसं ऐकवलं. त्या दिवशी दुपारपर्यंत ते आप्पांच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा आमच्या दारात.

"ऐकव."

मी हेडफोन दिला. आप्पांनी तो फेट्यावरूनच चढवला. फेटा दोन्ही बाजूंनी दबला आणि मधून वर आला. डोळे मिटून त्यांनी मामांचा सवाल ऐकला, मान डोलावली. मग आत्याचा जवाब आला आणि डोळे उघडले.

"ही कोण?"

"आत्या."

"आपली?"

"आपलीच की."

"आपली कशी? पाटसची." मग हात हलवून म्हणाले, "बारीक कर."

मी आत्याचा दांडा जरा खाली ओढला.

"आजून."

ओढला.

"आजून जरा."

माणूस वयानं मोठा, गावात मान, शिवाय आमच्या वावराला पाणी त्यांच्या पाटातून येतं. मी ओढत गेलो. दांडा तळाला टेकला. आता नुसता ढोल आणि मामा.

"आता ब्येस," आप्पा म्हणाले.

"आप्पा, आता सवालाला जवाबच न्हाई राहिला."

"न्हाई तर न्हाई. देवाला ठावं हायती जवाब."

मला कशाचा राग आला ते नीट सांगता येणार नाही. आप्पांचा आलाच, पण जास्त माझ्या बोटाचा आला. ते इतकं सहज खाली कसं गेलं? आत्याला हाताला धरून मागं ओढणाऱ्या माणसाचा हातही असाच सहज गेला असणार. मी दांडा पकडला आणि एका झटक्यात पार वर नेला. आत्या आप्पांच्या दोन्ही कानांत एकदम उभी राहिली. आप्पांनी हेडफोन ओरबाडून काढला आणि त्याच्याबरोबर फेटाही आला.

"दांडा माज्या हातात हाय, आप्पा," मी म्हणालो. "तुमचा मान ठेवतो. पर आत्याचा आवाज राहणार, आन् बारीकबी न्हाई होणार. तिचा न्हाई तर मामांचाबी न्हाई. मग लावा तुमचा डीजे आन् नाचवा देवाला."

आप्पा फेट्याचा शेव शोधत होते. "लई मोठा झालास."

"न्हाई आप्पा. एवढंच एक हाय माज्या हातात."

"बघू जत्रंत," असं म्हणून ते फेटा काखेत धरूनच गेले. आमच्या गल्लीनं आप्पांचं टक्कल त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी कंपनीत सुपरवायझरला जे कधी बोललो नाही ते आप्पांना बोललो होतो. पाण्याचं काय होईल ते होवो. पुढचे काही दिवस माझ्या अंगात शर्ट मावत नव्हता. टपरीवर, बसमध्ये, लाइनवर, जो भेटेल त्याला मी तो प्रसंग सांगितला, आणि दर वेळी माझं वाक्य थोडं लांबत गेलं. कमिटीतल्या आणखी दोघांनी वाटेत अडवून समजावलं, त्यांनाही तेच ऐकवलं. मामा म्हणाले, "धर लावून. मी हाय." आत्याला फोन केला.

"काय वाटेल ते झालं तरी तुझा आवाज वाजणार, आत्या. शब्द हाय माझा."

"लई बोलू नको," आत्या म्हणाली. "नीट कर."

आता ती सकाळ. ज्या दिवशी पेन ड्राइव्ह लाउडस्पीकरवाल्याला द्यायचा होता ती. मी शेवटचा हात फिरवत होतो. मामांना थोडं डाव्या कानाकडं बसवलं, आत्याला उजव्या, म्हणजे दोघं देवापुढं समोरासमोर बसल्यासारखी वाटतील. आत्याच्या पट्टीतून तो उसाचा ट्रॅक्टर कापून काढला, नखानं काटा काढावा तसा. मग वाटलं, मामा आणि ढोल एकमेकांना धरून चाललेत का, तेवढं बघावं. मध्ये आत्या नको. म्हणून आत्याच्या पट्टीवरचं एम दाबलं.

ते लाल झालं. जोडीदारानं सांगितलं होतं तसंच झालं.

पण पडद्यावर तेव्हा काय काय लाल होतं ते लक्षात घ्या. ढोलाचा काटा दर ठोक्याला लाल. रेकॉर्डिंगचं बटण लाल. त्यात माझी नोकरी. आमच्या लाइनवर मशीनच्या डोक्यावर एक लाल दिवा आहे. तो पेटला म्हणजे मशीन बंद, असा त्याचा अर्थ. पण त्याची वायर कधीतरी बिघडली आणि तेव्हापासून तो कायम पेटलेलाच असतो. खाली मशीन धडाधड चाललेलं, वर लाल दिवा. नवीन माणूस घाबरून हात काढतो, तर आम्हीच त्याला सांगतो, त्याच्याकडं बघायचं नसतं. अशा ठिकाणी डोळे तयार झालेल्या माणसाला लाल बटण दाखवून उपयोग काय?

तेवढ्यात कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरचा फोन. "नाक्यावर उभाय. येतोस का जाऊ?" मी मामा आणि ढोल ऐकलेच नाहीत. घाईनं सगळं एकत्र करायची आज्ञा दिली, फाइल पेन ड्राइव्हवर टाकली, लॅपटॉप मिटला. पेन ड्राइव्ह लाउडस्पीकरवाल्याकडं पोचवायला बायकोच्या हातात दिला.

बायकोनं विचारलं, "ऐकून बघितलं का एकदा?"

"मीच बनवलंय. ऐकायचं काय त्यात?"

जत्रेच्या दिवशी आत्या पाटसहून आली. नवं लुगडं, डोक्यावर पदर, आणि बरोबर तिकडच्या दोन-तीन बायका, ऐकायला म्हणून आणलेल्या. त्या मांडवाच्या कडेला बायकांत बसल्या. ऊन कलत होतं. मामांना देवळाच्या पायरीजवळ खुर्ची दिलेली. आप्पा कमिटीच्या मध्यभागी, फेटा घट्ट बांधून. मी उभा राहिलो होतो अशा जागी, की सगळ्यांना मी दिसावा.

कर्णे खरखरले. ढोल सुरू झाला, आणि माझ्या हातचा ढोल असा घुमला की मला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली. मग मामा. "शिंगं हायती त्याला गा, तरी मारीत न्हाई." खुर्चीतल्या मामांनी स्वतःचाच सवाल ऐकून मान हलवली. सगळ्या माना बायकांकडं वळल्या, कारण आता कोण येणार हे गावाला माहीत होतं. मीच सांगितलं होतं ना.

ढोल वाजत राहिला. नुसता ढोल.

माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, वायर निघाली. दुसऱ्यांदा आलं, कर्णा जळाला. तिसऱ्यांदा ते लाल बटण डोळ्यांपुढं आलं, इतकं स्पष्ट, की त्या सकाळी ते तेवढं दिसलं असतं तर बरं झालं असतं.

पाठीवर थाप पडली. आप्पा होते.

"ब्येस केलंस," ते म्हणाले, आणि मुद्दाम चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणाले. "थोरांचं ऐकलंस. आमी म्हणत हुतो, पोरगं समजूतदार हाय."

लोक माझ्याकडं बघायला लागले. इतके दिवस छाती काढून फिरणारा हाच. मी तोंड उघडलं आणि त्यातून काही आलं नाही. म्हणजे माझंही एम दाबलेलं. बायकांमधून आत्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. एखादी मेंढी रोज त्याच खड्ड्यात पाय घालते, तिच्याकडं बघावं तसं.

मी लाउडस्पीकरवाल्याकडं धावलो. "बंद कर. चुकीचं हाय. मी घरनं दुसरं आणतो."

"चालू राहू दे," आप्पा मागून म्हणाले. "देवाचं सुरू झालेलं मधी थांबवायचं न्हाई."

कर्ण्यातून मामांचा दुसरा सवाल आला. "पाय न्हाई त्याला गा, तरी माळ वलांडी." पुन्हा ती मोकळी जागा. ढोल आपला चालला. आणि त्या मोकळ्या जागेत मांडवाच्या कडेनं जवाब आला.

"ढगाची सावली गा, ढगाची सावली."

आत्या बसल्या जागी होती. तळहात कानामागं धरलेला. माइक नाही, काही नाही. पण मी सांगितलं ना, तो आवाज माळावर हाक मारायला बनलेला. आधी जवळच्या बायका गप्प झाल्या, मग रांगेतली माणसं, मग खेळण्यांच्या दुकानांपाशी पिपाण्या वाजत होत्या त्याही थांबल्या. "मेंढराच्या पाठीवरनं चालून गेली." तिचं संपलं, आणि बरोबर त्याच ठोक्याला कर्ण्यातून मामांचा पुढचा सवाल. एक ठोका मागं नाही, एक ठोका पुढं नाही. ती जागा तिच्याच मापाची होती. मी तिला गप केलं होतं, पण तिची जागा पुसली नव्हती.

"दात न्हाई त्याला गा, तरी पाला खाई."

या वेळी आत्या उभी राहिली. "रानातली आग गा, रानातली आग." पाटसच्या बायकांनी मागं धरलं. मग आमच्या गावातल्या दोघी-तिघींनी. मला आजवर माहीत नव्हतं की या बायकांना हे येतं. घरात, वावरात, चुलीपुढं कुणाला ऐकू येणार नाही असं त्या म्हणत आल्या असणार.

आप्पा लाउडस्पीकरवाल्यावर खेकसले, "बंद कर ते."

त्यानं एकदा आपल्या मशीनकडं बघितलं, एकदा आत्याकडं. "मामांचं बंद करतो, आप्पा. त्या बाया माज्या मशीनमधी न्हाईत. त्यांना कुठनं बंद करू?"

खुर्चीतले मामा हसले. मग काठी टेकून उठले आणि पुढचा सवाल कर्ण्याच्या आधी स्वतःच घातला. दमलेला, हवा गळणारा आवाज, पण जिवंत. आत्यानं जवाब दिला. खरे ढोलवाले इतका वेळ गळ्यात ढोल अडकवून नुसते उभे होते. त्यांनी टिपरू उचललं. लाउडस्पीकरवाल्यानं काय ओळखायचं ते ओळखलं आणि माझी फाइल बंद केली. माझ्या सगळ्या कारागिरीची कुणाला आठवणही राहिली नाही. डावा कान, उजवा कान, नखानं काढलेला ट्रॅक्टर, सगळं गेलं. मामा पायरीशी, आत्या मांडवाच्या कडेला, खरोखर समोरासमोर, आणि मध्ये आमचा सगळा गाव.

शेवटचा जवाब आत्यानं एकदा म्हटला, मग पुन्हा एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अर्धा राहिलेला तो हाच, हे मला कळलं. आप्पांनाही कळलं असावं. ते देवाकडं बघत होते.

यानंतर मी खरं बोलायला हवं होतं. पण लोक येऊन म्हणायला लागले, "लई डोकं लावलंस गड्या. आप्पाला वाटलं बाईला काढली, आन् तू जागा मोकळी सोडून ठेवलीस व्हय." एकानं म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं. तिसऱ्याला मी म्हणालो, "मग?" आणि चौथ्याला तर मी सुरुवातीपासून समजावून सांगितलं, की आवाज कर्ण्यातून आला असता तर त्यांनी बंद केला असता, म्हणून मी असा विचार केला, वगैरे वगैरे. टपरीवाल्यानं मला चहा पाजला. जोडीदाराचा फोन आला तेव्हा त्यालाही तेच सांगितलं. "म्यूट रह गया था ना?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पाटसला निघाली. देवळाच्या पायरीवर नारळ फोडायला थांबली, तिथं कमिटी बसलेली. मीही होतो, चार लोक जिथं माझं कौतुक करतील तिथून मी इतक्यात हलणार नव्हतो. आत्यानं नारळ फोडला, आप्पांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि म्हणाली, "फुडल्या वर्साला माइक पायजे, आप्पा. ढोलाच्या शेजारी."

"रीत न्हाई ती," आप्पा म्हणाले.

"काल झाली की."

आप्पांनी खोबरं तोंडात टाकलं. बराच वेळ चावत राहिले. नाही म्हणाले नाहीत. आप्पांच्या बाबतीत याला होकार म्हणतात. पण कुठंतरी राग काढायला हवाच होता, म्हणून ते माझ्याकडं वळले.

"खरं सांग रं. आवाज मुद्दाम काढून ठेवलास ना तू? आमाला फसवायला?"

सगळी कमिटी माझ्याकडं बघायला लागली. मी शर्टाची कॉलर नीट केली.

"आता मुद्दाम म्हंजी, आप्पा, तसं बघितलं तर एक नियोजन व्हतं," मी सुरुवात केली.

आत्यानं नारळाची दुसरी कवड पिशवीत टाकली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "ह्यो आन् मुद्दाम? ह्याला आजून पायजम्याची नाडी मुद्दाम सोडता येत न्हाई."